वाऱ्याची हाक

व्हिला मोरेल्ला
२ जुलै १९६८

ओल्साना गावच्या समस्त रहिवाशांस,

सविनय कळविण्यात येते की, व्हिला मोरेल्ला ही ऐतिहासिक वास्तू आता आमच्या कंपनीच्या मालकीची असून तेथे निवासी हॉटेल सुरू झाले आहे. वादळात सापडलेल्या होड्यांना वास्तूच्या पाण्याकडील दरवाज्यातून आत घेऊन सकाळपर्यंत आसरा देण्याची जी तथाकथित प्रथा गावात सांगितली जाते, तिचा वापर २४ ऑगस्ट १९४८ नंतर झालेला नाही. सलग वीस वर्षे न वापरलेला हक्क कायद्याने संपुष्टात येतो. सबब, येत्या २४ ऑगस्टनंतर सदर दरवाजा भिंत घालून कायमचा बंद करण्यात येईल. तोपर्यंत पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी त्यास साखळी राहील. रहिवाशांनी सहकार्य करावे.

आपला,
फाउस्तो ब्रेंता
व्यवस्थापक

---

ओल्साना
५ जुलै

रा. रा. व्यवस्थापक साहेब यांस, साष्टांग नमस्कार.

झाला नमस्कार? आता सरळ बस आणि वाच. मी तुझी मावशी बोलतेय.

तुझा कागद चर्चच्या दारावर लावलेला दिसला. पाद्रीबुवांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि खालची सही वाचताना माझ्याकडे न बघता खोकले. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. फाउस्तो, माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटचा तू. पाल्मिरा आज असती तर तिने तो कागद तुझ्या तोंडात कोंबला असता.

तथाकथित म्हणे! १९४८ च्या त्या रात्री होडीत कोण कोण होतं, सांगू? मी होते, माझा नवरा म्हणजे तुझे नाताले काका होते, आणि सतरा वर्षांचा एक लांबडा पोरगा होता. वल्हं टाकून तो आईच्या नावाने गळा काढत होता. पलीकडच्या काठावरून सेंट बार्थोलोम्यूची जत्रा करून आम्ही परत येत होतो आणि मेनाजिनो सुटला. तो वारा काय चीज आहे ते तुला मी सांगायला नको, तू त्यातच भिजलायस. व्हिलाचं पाण्याकडचं दार उघडलं म्हणून आपण वाचलो. त्या तथाकथित दारातून आत जाऊन तू मक्याचा तो तथाकथित पोलेंटा दोनदा मागून खाल्लास.

आणि आणखी एक. मे महिन्यात बोर्तोलो त्याच वाऱ्यात सापडला. त्याने साखळीपाशी येऊन हाक मारली. आत तुमची मिलानहून आलेली माणसं होती, त्यांना वाटलं कोणी दारुडा गातोय. होडी खडकावर फुटली, बोर्तोलो कसाबसा पोहून निघाला, पण खांद्याचं हाड मोडलं ते मोडलंच. पाहुण्यांच्या सुरक्षिततेचं एवढं मनावर घेतोस, तर थोडं बोर्तोलोच्या खांद्याचंही घे.

मी काही तुझ्या फाटकाशी येऊन बोलणार नाही. फाटकाला साखळी आहे.

तुझी मावशी,
एर्सिलिया

---

व्हिला मोरेल्ला
११ जुलै

प्रिय मावशी,

तू चिडणार हे ठाऊकच होतं. ते पत्र मी लिहिलेलं नाही गं, मजकूर वकिलाचा आहे, माझी फक्त सही. आणि मे महिन्यात मी इथे आलोही नव्हतो. बोर्तोलोचं मला नंतर कळलं आणि खरंच वाईट वाटलं.

पण तूच सांग, आता होड्या वल्हवतो कोण? काठाने रस्ता झाला, लोक मोटारीने जातात. उरलेल्यांच्या होड्यांना इंजिनं आहेत. बोर्तोलो सोडला तर वीस वर्षांत एकालाही त्या दाराची गरज पडली नाही, ती का?

ते जाऊ दे. मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तू या व्हिलाचे कपडे धुतलेस, हिच्या बागेतली लिंबं तोडलीस, पण हिच्यात एकदाच झोपलीस आणि तीही जमिनीवर. माझी पाहुणी म्हणून ये. सगळ्यात चांगली खोली देतो, छतावर चित्रं काढलेली, तळ्याच्या बाजूला सज्जा असलेली. सकाळी पलंगावर कॉफी. तू नुसती हो म्हण, तारीख तुझी.

तुझा,
फाउस्तो

---

ओल्साना
१४ जुलै

फाउस्तो,

वीस वर्षं का गरज पडली नाही, ते सांगते. व्हिलाच्या मालकीण काउंटेसबाई आजारी पडल्या, मग गेल्या, आणि घर वर्षानुवर्षं बंद राहिलं. बंद घर हाकेला उत्तर देत नाही. आता घर उघडलं, तर तुम्ही त्याला साखळी घातलीत.

निमंत्रणाबद्दल आभार. येणार नाही.

तुझ्या डोक्यात हे नाही शिरायचं, म्हणून उलगडून लिहिते. पाहुणी म्हणून आले तर ते तुझं औदार्य झालं. आज तू बोलावशील, उद्या तुझा साहेब हाकलेल. आपल्या माणसांना त्या घरात कोणी औदार्य म्हणून घेतलं नव्हतं. ती जमीन गावची. गावाने ती व्हिला बांधायला दिली ती एकाच अटीवर, की वाऱ्यात सापडलेल्याला सकाळपर्यंत छप्पर मिळेल. तेव्हापासून पाण्यावरच्याने ओरडायचं, ‘वारा सुटलाय!’ आणि घराने म्हणायचं, ‘मग छप्पर आहे!’ बस. कोण, कुठला, कोणाचा, काही विचारायचं नाही. उपकार नाहीत आणि आभारही नाहीत.

आणि उत्तर द्यायला मालकच लागतो असं नाही. ज्याचं अंथरूण त्या रात्री त्या घरात पडणार आहे तो कोणीही चालतो. आपल्या वेळी काउंटेसबाई वर पत्ते खेळत होत्या. उत्तर दिलं मार्गेरिता स्वयंपाकिणीने. हातात पळा घेऊन ती खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत होती, आठवतंय? तिने आपल्याला लिंबांच्या काचघरात झोपवलं. थंडीत लिंबाची झाडं आत ठेवतात ना, तिथे. ऐकते की तिथे आता तुम्ही दारू विकता.

तेव्हा मी आले तर हाक मारून येईन आणि जमिनीवर झोपेन. तुझी चित्रांची खोली तुझ्या साहेबाला दे.

एर्सिलिया

ता. क. व्हिलाच्या पायऱ्यांवरच्या कुंडीत माझ्या बागेतलं तुळशीसारखा वास येणारं रोप लावलंयस असं बोटीवरून दिसलं. नीट पाणी घाल त्याला. पानं पिवळी पडलीयत.

---

व्हिला मोरेल्ला
२६ जुलै

मावशी,

गावात बोलणं चाललंय म्हणे, की वारा येवो न येवो, २४ तारखेच्या आत कोणीतरी होडी घेऊन साखळीपाशी यायचं आणि ओरडायचं. असलं काही करू नका, पाया पडतो. स्वच्छ उन्हात ‘वारा सुटलाय’ म्हणून ओरडलात तर वकील तुम्हाला खोटारडे ठरवेल आणि मग उरलासुरला मानही जाईल. आणि खरा वारा काही यायचा नाही असं दिसतंय. जुलै संपत आला, तळं ताटातल्या पाण्यासारखं पडून आहे.

तुला वाटत असेल मला काही वाटत नाही. मी सदतीस वर्षांचा आहे. चार हॉटेलांत सामान उचललं, मग स्वागताच्या मेजामागे बसलो, आणि आता कुठे माझ्या नावाची पाटी दारावर लागली. हा दरवाजा बंद झाला नाही तर पाटीही जाईल, असं मला तोंडावर सांगितलंय. मी काय करू?

१९ ऑगस्टपासून आठवडाभर मिलानला आहे. वकिलाच्या कचेरीत एक किरकोळ काम आहे.

तुझं रोप तगलंय.

फाउस्तो

---

ओल्साना
१२ ऑगस्ट

चिरंजीव फाउस्तो,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बरेच दिवस उशाशी होतं. खोटी हाक गावातलं कोणीही मारणार नाही, निश्चिंत राहा. तेलियासिओच्या पोराला तसं करायचं होतं, त्याच्या मी कानाखाली वाजवली. त्या हाकेवर माणसं जगलीयत. खोटी मारली तर खरी मारताना घशातून आवाज निघायचा नाही.

तुझ्या निमंत्रणाचा मी पुन्हा विचार केला. माझं वय झालं. एकदा त्या छताखाली पलंगावर झोपावं असं मनात आलंय. तेव्हा येते. खोली मात्र तू म्हणालास तीच, तळ्याच्या बाजूची, सज्जा असलेली. आणि तारीख मी ऐन वेळी कळवीन, माझ्या गुडघ्याचा भरवसा नाही. तू नसलास तरी चालेल. तुझ्या माणसांना तेवढं सांगून ठेव आणि पाहुण्यांच्या यादीत माझं नाव नीट लिहायला लाव. मला कोणी दारातून परत पाठवलं तर बरं दिसणार नाही.

तुझी मावशी,
एर्सिलिया

---

व्हिला मोरेल्ला
१४ ऑगस्ट

माझी लाडकी मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं होतं तू जन्मभर माझ्याशी बोलणार नाहीस. तू येतेयस यात सगळं आलं. तुझा राग समजतो, पण गोष्टी बदलतात आणि माणसाने कधीतरी मऊ पलंगावर पाठ टेकावी, यात हार कसली?

सगळं सांगून ठेवलंय. कोणत्याही दिवशी ये. नाव लिहिलं आहे, ठळक अक्षरात. रात्रीच्या जेवणात मासा असेल, पण तुझ्या हातच्या वाळवलेल्या मिसोल्तीन माशांची सर त्याला नाही.

आई असती तर किती खूश झाली असती.

तुझा,
फाउस्तो

---

ओल्साना
२१ ऑगस्ट

फाउस्तो,

काल रात्री मी तुझ्या व्हिलात झोपायला गेले होते. काय काय झालं ते तुला तुझी माणसं सांगतीलच, पण ती बिचारी घाबरलेली आहेत, त्यामुळे माझ्याकडूनही ऐक.

चार दिवस उकडून जीव जात होता. काल सकाळी डोंगरांच्या माथ्यावर काळं दाटलं आणि माझा गुडघा बोलायला लागला. बोर्तोलो धक्क्यावर जाळी भरत होता. खांदा नुकता प्लास्टरातून सुटलाय, पण पोट कुठे सुट्टी देतं? मी म्हटलं, आज नको जाऊस. तो म्हणाला, जाणार. मग मी म्हटलं, जातोस तर जा, पण वारा आला तर घराकडे पळू नकोस, व्हिलाशी हाक मार. तो म्हणाला, कोण उत्तर देणार तिथे, तुझा भाचा? मी म्हटलं, मी.

तुला निमंत्रणाला नकार देताना मीच लिहिलं होतं ना, ज्याचं अंथरूण त्या घरात पडणार तो उत्तर देतो म्हणून? लिहिलं आणि विसरले. मग एके दिवशी पोलेंटा ढवळता ढवळता माझंच वाक्य माझ्या टाळक्यात आलं. अरे, बाहेरून हाक मारणारे गावात पुष्कळ आहेत. उणीव आहे ती आतून उत्तर देणाऱ्याची. आणि तू तर मला आत बोलावतोयस! हसू नकोस. किंवा हस, मला काय.

दुपारच्या बोटीने आले. टोपी घालून, पिशवी घेऊन. तो बारीक मिशीवाला तुझा द्वारपाल फार अदबीने वागला. खोली पाहिली. छतावर उघड्यावाघड्या देव्या ढगांवर लोळतायत. खाली नवराबायको झोपणार आणि वर हे, कोणाला सुचलं असेल? पलंगावर मुद्दाम लोळून घेतलं, चांगली चादर चुरगळली, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की अंथरूण माझं नव्हतं. बुडाल्यासारखं वाटलं त्या गादीत. तुझ्या मऊ पलंगाचं म्हणशील तर मला नाही आवडला.

जेवणघरात सूप वाढत होते तेव्हा तो आला. खिडक्या धाडकन आदळल्या, मेजावरच्या मेणबत्त्या गेल्या. बायका किंचाळल्या आणि लगेच हसल्या, त्यांना गंमत वाटली. मी वर माझ्या खोलीच्या सज्ज्यावर गेले. पाणी पांढरं झालं होतं. कितीतरी वेळ काही दिसेना, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, फाउस्तो. वाटलं, या हक्काच्या नादात मीच त्या बोर्तोलोला बुडवलं. तो घराकडे वळला असता तर कदाचित पोचला असता. हे मी गावात कोणाला बोललेले नाही.

मग आवाज आला. ‘वाराऽऽ सुटलाय!’

मी कठड्यावर वाकले आणि छातीत होता नव्हता तेवढा दम काढून ओरडले, ‘मग छप्पर आहे! छप्पर आहे रे बोर्तोलो!’

द्वारपाल धावत वर आला. म्हणाला, ‘बाई, तब्येत बरी आहे ना?’

मी म्हटलं, ‘माझी ठणठणीत आहे, त्याची बघा. पाण्याकडचं दार उघडा.’

‘तसा हुकूम नाही, बाई.’

‘माझं नाव लिहिलंय ना तुमच्या यादीत? ठळक अक्षरात? आज रात्री मी या घरची आहे. घराने उत्तर दिलं. आता उघडा.’

‘पण किल्ली साहेबांच्या खणात आहे आणि खण न विचारता उघडायचा नाही.’

तर बघ, तुझी मावशी अशी शहाणी. सगळं जुळवलं आणि किल्ली मनातच आली नव्हती. मला त्या क्षणी स्वतःलाच चपलेने मारावंसं वाटलं. मी खाली पळाले. सत्तरीची बाई मी, पण पळाले. बोर्तोलो एका हाताने साखळीला लटकला होता आणि त्याची होडी दगडावर आपटत होती. माझ्या मागोमाग मिलानचा एक नवा नवरा आला, लग्नाला आठवडासुद्धा झाला नसेल. त्याने कोट काढून फेकला, पायऱ्यांवर पालथा पडला आणि दाराच्या गजांतून हात घालून होडीची दोरी धरली. त्याची बायको वरून ‘जुलियो, तुझी पाटलोण!’ म्हणून ओरडत होती. मी त्या पोराला सांगितलं, सोडू नकोस. तो म्हणाला, ‘काकू, सोडत नाही.’

द्वारपाल तेवढ्यात फोन करायला गेला होता. तो परत आला तेव्हा कागदासारखा पांढरा झाला होता, पण हातात किल्ली होती. म्हणाला, ‘साहेब म्हणाले, उघडा.’

साखळी पाण्यात पडली, फाउस्तो. कसला सुंदर आवाज झाला.

बोर्तोलो काचघरात जमिनीवर झोपला, तुझ्या बाटल्यांच्या ओळीखाली. एकीलाही हात लावला नाही असं तो सांगतो, मी खात्री देत नाही. मीही तिथेच आडवी झाले, देव्यांना एकटं सोडून. सकाळी पाणी शांत झाल्यावर तो गेला. आभार मानले नाहीत, मानायचे नसतातच. साक्षीदार हवे असतील तुझ्या वकिलाला तर जेवणघर भरून आहेत. जर्मन पाहुण्यांनी तर टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे हॉटेलतर्फे होतं.

एकच विचारायचंय. ‘साहेब म्हणाले’ म्हणजे कुठला साहेब? तुझा, की तू? मला नीट कळव.

एर्सिलिया

---

मिलान
२४ ऑगस्ट

मावशी,

साहेब म्हणजे मी.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. इथलं ते किरकोळ काम किरकोळ नव्हतं. १९४८ च्या रात्रीचे जिवंत साक्षीदार दोनच, तू आणि मी. १९ ला वकील म्हणाला की २४ तारखेचा भरवसा नको, कोणीतरी आडवं येईल, त्यापेक्षा १९४८ चा तो आसरा कधी दिलाच गेला नव्हता असं ठरवून टाकू, म्हणजे हक्क केव्हाच संपलेला ठरेल. मी फक्त लिहून द्यायचं, की मी त्या घरात त्या दारातून कधीच गेलो नाही. मंगळवारी संध्याकाळी कागद माझ्यासमोर होता. साहेब शेजारी बसले होते. मी पेन उघडलं होतं, मावशी. हे तुला कळायला हवं. मी पेन उघडलं होतं.

तेवढ्यात फोन आला. द्वारपाल म्हणाला, पाहुण्यांच्या यादीतली एक म्हातारी सज्ज्यातून ओरडतेय, खाली कोणी बुडतोय, आणि ती म्हणते हे घर तिचं आहे. मी म्हटलं, कचेरीचं दार उघडं ठेव, मला ऐकू दे. वाऱ्याचा आवाज आला. भांडी पडल्याचा आला. आणि मग खालून तुझा आला, ‘छप्पर आहे, धरून ठेव, छप्पर आहे!’

मावशी, मी सतरा वर्षांचा झालो. मला मार्गेरिताचा पळा दिसला. नाताले काकांच्या ओल्या कोटाचा वास आला. मी म्हटलं, माझ्या खणात उजवीकडे किल्ली आहे, उघड. द्वारपालाने विचारलं, ‘साहेब, कोणाच्या जबाबदारीवर?’ मी म्हटलं, घराच्या.

फोन ठेवला. वकील म्हणाला, ‘हे काय केलंत?’ मी कागद त्याच्याकडे परत सरकवला आणि म्हटलं, लिहून घ्या. मग मी सगळं सांगायला लागलो. होडीत कोण होतं, आत कोण आलं, पोलेंटा किती घट्ट होता, मिसोल्तीनवर व्हिनेगर किती टाकलं होतं, आम्ही कुठल्या झाडाखाली झोपलो आणि रात्रभर डोक्यावर लिंबं कशी लटकत होती. साहेब दोनदा ‘पुरे’ म्हणाले. मी थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझं बोलणं बंद करायला बघत होतं आणि मला गंमत वाटत होती.

दाराला भिंत पडणार नाही. वकिलानेच मान हलवून सांगितलं, हक्क पुन्हा वीस वर्षांसाठी ताजा झाला. पाटी मात्र दुसऱ्या दिवशी उतरली. राहायची खोलीही कंपनीचीच होती, ती महिनाअखेर सोडायची आहे. नोकरी शोधीन, कुठेतरी मिळेल, पण तोवर...

तुला सरळ विचारायचं धाडस होत नाही. ज्या माणसाने चर्चच्या दारावर तो कागद लावला, त्याला गावात तोंड दाखवायला जागा नाही, हे मला कळतं. म्हणून विचारत नाही. फक्त एवढंच लिहितो.

वारा सुटलाय.

फाउस्तो

---

ओल्साना
२७ ऑगस्ट

फाउस्तो,

तुझ्या पत्राचं उत्तर चर्चच्या दारावर लावून टाकणार होते, पाद्रीबुवांनी अडवलं.

शनिवारच्या बोटीने ये. धक्क्यावर लोक असतील, ते बघतील. बघू दे. मान वर करून उतर. बोर्तोलो तुला शिव्या देईल, त्या पुऱ्या ऐकून घे आणि मग त्याच्या जाळ्याचं एक टोक धर. खिडकीजवळची नाताले काकांची खाट मी झाडून ठेवलीय. गादी मऊ नाही. आभार मानलेस तर दाराबाहेर काढीन, लक्षात ठेव.

हाक ऐकू आली. मग छप्पर आहे.

तुझी मावशी,
एर्सिलिया